दोन गाठींची सुतळी

"एक हात आत अडाकलाय, असं समजा. आता मशीन बंद करा."

यासीनमिस्त्री एवढंच म्हणायचे. समोर कोण आहे याचा मुलाहिजा नाही. डेअरीचा चेअरमन असो, शेती खात्याचा साहेब असो, नाहीतर आमच्यासारखे कंपनीची गाडी घेऊन आलेले शहाणे असोत. कडबा कुट्टीचं मशीन पुढ्यात, मोटरची वायर काढून ठेवलेली. समोरच्याचा उजवा हात ते स्वतः धरायचे, रोलरच्या तोंडाशी ठेवायचे आणि मनगटावर आपला पंजा दाबायचे. मग तो माणूस डाव्या हाताने स्विचकडे झेपावायचा. स्विच असायचा शेडच्या खांबावर, पाच-सहा फुटांवर, जसा तो प्रत्येक गोठ्यात असतो. माणूस ताणायचा, वाकायचा, एक पाय लांब करून बघायचा आणि शेवटी ओशाळून हसायचा. हसू आलं की मिस्त्री मनगट सोडायचे.

"हसू नका. तवर कोपरापातूर गेलं," असं म्हणून ते आपल्या कामाला लागायचे.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे परवा माझ्या जुन्या कंपनीचं एक रंगीत माहितीपत्रक हातात आलं. त्यात कुट्टी मशीनच्या पुढे बसवलेल्या एका आडव्या पट्टीचा फोटो होता आणि खाली ओळ होती: 'महिला शेतकऱ्यांच्या गरजा समजून घेऊन आमच्या संशोधन विभागाने विकसित केलेली सुरक्षा पट्टी.' शेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक मॉडेल मशीनपासून चांगली चार हात लांब उभी राहून हसत होती. माझं डोकं फिरलं. समजून घेऊन म्हणे! कोणी समजून घेतलं? त्या संशोधन विभागात मी होते. आम्ही काय समजून घेतलं आणि काय समजूनही बाजूला ठेवलं हे मला पक्कं ठाऊक आहे. मिस्त्री आता नाहीत. असते तरी त्यांनी त्या कागदात नट-बोल्ट बांधून ठेवले असते आणि विषय संपवला असता. मला तो तसा संपवता येत नाही.

ज्यांनी हे मशीन चालताना पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. उसाचं वाढं, मका, घास, जो चारा असेल तो ट्रेमधून पुढे सरकवायचा. दोन दातेरी रोलर तो आत ओढतात आणि पलीकडे गरगरणारी पाती त्याचे बारीक तुकडे करतात. रोलरला चारा कळत नाही आणि बोटंही कळत नाहीत. बांगडी, पदर, ओढणी, काहीही दातांत सापडलं की मागोमाग हात जातो. आमच्या नगर जिल्ह्यात दारोदारी म्हशी आणि गाई, त्यामुळे दारोदारी हे मशीन. दूध घालायला डेअरीत पुरुष जातो, मशीनवर बाई उभी असते. हे कुणी सांगायला नको, रस्त्याने जाताना दिसतं.

मिस्त्रींचं शेड सोनईहून घोडेगावकडे निघालं की डाव्या हाताला होतं. बोर्ड नव्हता. माणूस उंच, काटकुळा, वेल्डिंगच्या धुराने आवाज बसलेला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू. चहा बशीत ओतून घ्यायचे आणि कामाच्या नादात विसरायचे, मग सायीसकट गार झालेला तो चहा कुरकुर न करता पिऊन टाकायचे. कुरकुर त्यांची एकाच गोष्टीबद्दल असायची. 'ग्राहक' हा शब्द त्यांना मान्यच नव्हता. त्यांच्या लेखी माणसं दोन प्रकारची होती, एक 'घेनारा' आणि दुसरी 'चालवनारी'. शेडमध्ये येतो तो घेणारा. त्याच्याशी मिस्त्री अदबीने बोलायचे, पाणी द्यायचे, पण मशीनची गोष्ट निघाली की म्हणायचे, "ते तुमच्याशी बोलून काय उपेग? चालवनारीला घेऊन या."

शेडच्या आतल्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला सुतळीचा एकेक तुकडा लटकत होता. तुकड्याला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर बाईचं नाव आणि गाव. प्रत्येक सुतळीला दोन गाठी. पहिली गाठ खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतची, म्हणजे हाताची. दुसरी जमिनीपासून कमरेपर्यंतची. हाताच्या मापाहून वीतभर जास्त लांब ट्रे, म्हणजे बोटं रोलरपर्यंत सहजी पोचूच नयेत. आणि ट्रेच्या अलीकडच्या टोकाला, बरोबर कमरेच्या उंचीवर, एक आडवी लोखंडी पट्टी. चारा अडकला आणि बाई ढकलायला पुढे वाकली की पोट पट्टीवर दाबलं जायचं, पट्टीने रोलरचा क्लच सुटायचा आणि ओढणं तिथल्या तिथे थांबायचं. ना स्विच शोधायचा, ना हात मोकळा लागायचा. ज्या अंगाने बाई संकटात शिरते त्याच अंगाने मशीन थांबवायचं, एवढी साधी गोष्ट होती ती. नगरच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरसमोर बसून आम्हाला ती सुचली नव्हती.

सुतळीने माप घ्यायचं काम मिस्त्रींचं नव्हे, त्यांच्या थोरल्या बहिणीचं, जैनबआपांचं. परक्या बाईच्या अंगाला मिस्त्री हात लावणार नाहीत आणि लोकही लावू देणार नाहीत. त्यातून एकदा गंमत झाली. घोडेगावकडचे एक बागायतदार आले. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे चालवणारीला आणायला सांगितलं. घरच्या बाईला शेडवर आणायचं या माणसाला काही रुचेना. दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले आणि पिशवीतून बायकोचं जुनं झंपर काढून त्यांनी आपांसमोर ठेवलं.

"हे घ्या मापाचं. शिंपीबी ह्याच्यावरच शिवतो."

आपा पदरात तोंड घालून इतक्या हसल्या की मिस्त्रींनी वेल्डिंग बंद केलं. मग त्यांनी झंपराची बाही दोन बोटांत धरून उचलली.

"दादा, बाही कोपरापातूर हाय. मशीन तर बोटापून खायाला सुरू करतं. पुढचं माप कोन देनार?"

बागायतदार रागाने निघून गेले. आपा मात्र दुसऱ्या दिवशी एसटीने त्यांच्या वस्तीवर जाऊन माप घेऊन आल्या. ते माप त्यांनी एका हाताने घेतलं. सुतळीचं एक टोक दातात धरायचं, दुसरं हातात. कारण आपांना उजवा हात नव्हता.

तो हात मिस्त्रींच्याच मशीनने घेतला होता. त्यांनी बनवलेलं पहिलं मशीन. घरच्या म्हशीसाठी, कौतुकाने केलेलं. ही गोष्ट मला दुसऱ्या कुणाकडून कळली नाही, पहिल्याच भेटीत स्वतः मिस्त्रींनी सांगितली. आवाज चढवला नाही की खाली नेला नाही. "सगळे म्हनले, आपाचं ध्यान नव्हतं. आपाबी तेच म्हनली. लई सोपं हुतं मान हलवनं." मग खिशातला खडू काढून ते उगाच बोटांत फिरवत राहिले. "मानूस चुकनारच वो. चुकनाऱ्यासाठीच मशीन करायचं अस्तंय. न चुकनारा वर बसलाय, त्याला कुट्टी लागत न्हाई."

तेव्हापासून शेडचा एक नियम होता. तयार झालेलं मशीन आपा चालवणार. चालू मशीनपुढे उभं राहून डाव्या हाताने चारा सारणार आणि मुद्दाम पुढे वाकणार. मशीन थांबलं तर ते बाहेर जाईल, नाहीतर पुन्हा खोलायचं. मी नकळत खांबावरच्या स्विचजवळ जाऊन उभी राहायचे. आपा मात्र पोळी लाटावी इतक्या सहज ते करायच्या. मिस्त्री त्या वेळी कधीच दुसरीकडे बघायचे नाहीत.

आता आमच्याबद्दल. आमच्या कंपनीला कुट्टी मशीनच्या बाजारात उतरायचं होतं. त्यासाठी नगरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये आमची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. विभागप्रमुख निखिलसर, दोन मुलगे आणि मी. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. गुलाबी चिठ्ठीवर आम्ही मोठ्या अक्षरात 'सहानुभूती' लिहिलं. पंख्याच्या वाऱ्याने ती चिठ्ठी दोनदा खाली पडली आणि दोनदा मीच ती उचलून लावली. मग गावोगाव जाऊन आम्ही मुलाखती घेतल्या. कुणाच्या? दारात खुर्ची टाकून जे बसले होते त्यांच्या. रंग कुठला हवा, चाकं हवीत का, मोटर किती ताकदीची हवी. आत गोठ्यात चारा टाकणारी बाई चहा घेऊन बाहेर यायची, कप ठेवायची आणि परत जायची. आम्ही तिचा चहा प्यालो आणि तिच्या नवऱ्याची उत्तरं लिहून घेतली. मी त्या चौघांत एकटी बाई. मलाही तिला थांबवून एक प्रश्न विचारावा असं वाटलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

मिस्त्रींच्या शेडवर आम्ही 'अभ्यासाला' गेलो. निखिलसरांनी आमची पद्धत समजावून सांगितली. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती चालवनाऱ्या भेटल्या?"

मी मुलाखतींची वही चाळली, सगळी नावं पुरुषांची. मग मिस्त्रींनी निखिलसरांचा हात धरला, रोलरपाशी ठेवला आणि ते आपलं नेहमीचं वाक्य म्हणाले. सर उंच माणूस, तरी त्यांची बोटं स्विचपासून चांगली हातभर लांब राहिली. सर हसले. मिस्त्रींनी त्यांना ते कोपराचं ऐकवलं. सरांचं हसू तिथेच गेलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वाटलं की झालं, आपलं मशीन आता चांगलं होणार. आपांनी माझंही माप घेतलं. "पोरी, तू करनार ना चित्र? मग तुझंबी ऱ्हाऊ दे हितं," म्हणून माझ्या नावाची सुतळी खिळ्याला अडकवली. मिस्त्रींनी आम्हाला सगळं दाखवलं, क्लच उघडून दाखवला, फोटो काढू दिले, मोजू दिलं. मोबदल्याचं बोलायला लागलो तर म्हणाले, "पट्टी लावा म्हंजे झालं. माझं नाव न्हाई लावलं तरी चालंल."

आम्ही नमुना केला तेव्हा पट्टी होती. मीच ड्रॉइंग केलं होतं. मग बैठका सुरू झाल्या. पट्टीमुळे मशीन खोक्यात बसत नाही. पट्टीमुळे चारा सारायचा वेग कमी दिसतो, प्रात्यक्षिकात वाईट दिसेल. आणि शेवटी निखिलसर म्हणाले ते वाक्य, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही: "मुलाखती काढून बघा. एकाही ग्राहकाने पट्टी मागितलेली नाही."

खरंच होतं. खुर्चीत बसलेल्या एकाही माणसाने ती मागितली नव्हती. मी म्हणायला हवं होतं की ज्यांना ती लागणार आहे त्यांना आपण विचारलंच नाही. मी म्हणाले, "पुढच्या मॉडेलला घेऊ या का?" सगळ्यांना ते पटलं. पट्टी पुसलेल्या ड्रॉइंगवर उजव्या कोपऱ्यात सही माझी आहे. त्या सरांनाच दोष देऊन मी मोकळी होईन असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पण त्या बैठकीत विक्री विभागाचे दोघे धरून आम्ही सहा जण होतो, सगळ्यांनी खांबावरचा तो स्विच बघितला होता किंवा त्याबद्दल ऐकलं होतं, आणि सगळ्यांनी तो विसरायचं ठरवलं. नकळत झालेली चूक मी समजू शकते. हे कळून सवरून झालं.

मशीन बाजारात आणायचा कार्यक्रम घोडेगावला जनावरांच्या बाजाराच्या दिवशी ठेवला. मांडव, भोंगा, फेटे. मिस्त्रींना 'मार्गदर्शक' म्हणून बोलावलं होतं. सत्काराची शाल अंगावर पडली, नारळ हातात आला आणि मग त्यांची नजर मशीनवर गेली. ते व्यासपीठावरून उतरले, मशीनभोवती एक फेरी मारली आणि मी उभी होते तिथे आले.

"पट्टी कुठंय?"

"पुढच्या मॉडेलला घेणार आहेत, मिस्त्री."

"अन् ह्या मॉडेलवर कोन उभी ऱ्हानार?" ते म्हणाले. "तीबी पुढच्याच सालची का?"

मिस्त्री पुन्हा मशीनपाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, या. तुमी एकदा हात दिऊन बघितलाय. आज ह्या लोकांसमोर द्या." बाजारातली माणसं जवळ सरकली. निखिलसर फोनवर बोलल्यासारखं करत बाजूला झाले आणि कुणीतरी भोंग्यावर गाणं लावलं. मिस्त्री गाण्यापुढे काय बोलणार? त्यांनी अंगावरची शाल काढली, तिची व्यवस्थित घडी घातली आणि ट्रेच्या आत, रोलरच्या तोंडावर ठेवली.

"ह्याचं तोंड झाकून ठेवा," एवढं माझ्याकडे बघून म्हणाले आणि बाजारातल्या गर्दीत निघून गेले. प्रात्यक्षिक सुरू करण्याआधी ती शाल आमच्या माणसाने काढून खुर्चीवर टाकली.

मशीन खूप खपलं. वर्ष व्हायच्या आत नेवाशाकडच्या एका वस्तीवरून कंपनीत फोन आला. मंदा नावाची बाई. सकाळी दूध घालायच्या वेळी घाई होती, मका ओला होता, रोलरमध्ये गोळा झाला. तिने हाताने ढकलला. स्विच खांबावर. सासू धावत आली, पण कुठलं बटण दाबायचं तिला माहीत नव्हतं, कारण मशीन घरात आल्यापासून कुणी तिला दाखवलंच नव्हतं. उजवा हात कोपराखाली गेला.

अहवाल लिहायला कंपनीने मला पाठवलं. बाई बाईशी नीट बोलेल म्हणे. तेवढ्यापुरती त्यांना बाई आठवली! मंदाताई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याहून लहान असतील. हाताला पांढरं बँडेज, आणि डाव्या हाताने त्या पोराच्या शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होत्या. नवरा म्हणत होता, हिलाच घाई असते. शेजारी म्हणत होते, बांगड्या काढून उभं राहायला पाहिजे. मंदाताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, माझंच चुकलं ना वो?"

मी वही मिटून उठले. नगरला येऊन लिहिलं: 'वापरकर्ती पुढे झुकली व तिने अडकलेला चारा हाताने ढकलला.' यातला एकही शब्द खोटा नव्हता. कंपनीला हेच हवं होतं.

का कोण जाणे, तो कागद घेऊन मी सोनईला गेले. मिस्त्रींना मराठी वाचायला वेळ लागायचा. बोट ठेवून त्यांनी ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. आजवर मला 'तुमी' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'तू'वर आला.

"खरं लिवलंस."

"हो."

"मंग पुढचं वाक्य लिव."

"कुठलं?"

"ती वाकली. मानूस वाकतंच. मंग मशीन का न्हाई थांबलं?" त्यांचा बसका आवाज फाटला. "आपाच्या टायमाला मीबी एवढंच म्हनलो हुतो, ती वाकली. लई दिस तेवढंच म्हनत हुतो. ते निम्मं खरं खोट्याहून वंगाळ अस्तंय, पोरी. लिव पुढचं."

आपांनी मला मिस्त्रींच्या खडूच्या डब्यातलं पेन दिलं. मी तिथेच बसून लिहिलं की मूळ आराखड्यात थांबवण्याची पट्टी होती, ती काढण्यात आली, काढल्याच्या आराखड्यावर माझी सही आहे, आणि ती पट्टी असती तर रोलर थांबले असते. अहवाल वर गेला. परत आला तेव्हा त्यात पहिलं वाक्य होतं, पुढचं नव्हतं. मी तडकाफडकी राजीनामा दिला असं इथे लिहायला मला आवडलं असतं. नाही दिला. घराचे हप्ते, आजारी वडील, कारणं सगळ्यांकडे असतात. आणखी वर्षभर मी तिथेच होते. मंदाताईंकडे मात्र एकदा जाऊन मी सांगून आले की तुमचं चुकलं नव्हतं, आमचं चुकलं. त्यांना हे आधी कुणीच म्हटलं नव्हतं.

त्या वर्षात अशाच आणखी तक्रारी आल्या असाव्यात, कारण एक दिवस पट्टी परत आली. 'सुरक्षा किट' या नावाने, मशीनबरोबर नव्हे, वेगळी विकायला. आणि बसवली कुठे? एका ठरावीक उंचीवर, पक्की वेल्ड करून. ती उंची ऑफिसातल्या मुलांनी स्वतः उभं राहून ठरवली होती. आमच्याकडच्या बायांच्या ती थेट छातीवर येते. टोचते, म्हणून बाया ती काढून टाकतात. काढली की कंपनी लिहायला मोकळी: 'वापरकर्ते सुरक्षा किट वापरत नाहीत.' हे ऐकून माझा संताप संताप झाला. मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी किटचा फोटो मागून घेतला.

"पट्टी चोरली त्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "माप का न्हाई चोरलं? तेबी भिंतीवरच हुतं की."

पुढे लोक आमची मशीनं त्यांच्याकडे आणून मापाची पट्टी बसवून घेऊ लागले, तेव्हा त्यांना कंपनीची नोटीसही आली. आमच्या मशीनला परस्पर पट्ट्या लावू नका, ती आमची रचना आहे. त्यांची म्हणे! मिस्त्रींनी ती नोटीस सुतळ्यांच्या रांगेत, शेवटच्या खिळ्याला लावली आणि काम चालू ठेवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मंदाताईंच्या दारात. अपघातानंतर मशीन ताडपत्रीखाली पडून होतं. नवरा कोयत्याने वाढं तोडायचा, पण त्याला दुसरीकडे काम लागलं आणि म्हशींचं पुन्हा मंदाताईंवर आलं. एका हाताने कोयता चालेना. त्यांनीच मला फोन केला. "त्या मिस्त्रींना घेऊन येता का? म्हशी काय उपाशी ठेवू?" ज्या मशीनने हात घेतला त्याच्यापुढे पुन्हा उभं राहायची वेळ त्या बाईवर आली होती. त्याला जबाबदार असलेले आम्ही सगळे पंख्याखाली बसून होतो. मी रजा टाकली आणि मिस्त्री, आपा आणि वेल्डिंगचं सामान घेऊन टेम्पोतून वस्तीवर गेले.

आपांनी सुतळीचं टोक दातात धरलं आणि मंदाताईंच्या डाव्या हाताचं माप घेतलं. गाठ मारली. कमरेचं घेतलं. दुसरी गाठ. मिस्त्रींनी सुतळी हातात घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उजव्याचं माप घ्यायला आपून दोघंबी येळेत आलो न्हाई."

दुपारपर्यंत काम चाललं. ट्रे लांब केला, पट्टी बसवली, डाव्या बाजूने चारा सारता येईल असा आडोसा केला. आमच्या मशीनच्या निळ्या रंगावर त्यांच्या वेल्डिंगचे काळे टाके उठून दिसत होते. मोटर सुरू झाली तशा मंदाताई दोन पावलं मागे गेल्या आणि तिथेच थिजल्या. कुणी त्यांना चला म्हटलं नाही. आपा पुढे झाल्या, मक्याची पेंढी सारली, वाकल्या. रोलर थांबले. मग त्या मागे येऊन मंदाताईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. एकीला उजवा हात नाही, दुसरीलाही नाही.

बऱ्याच वेळाने मंदाताई गेल्या. पट्टीपुढे उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि पोटाने पट्टी दाबली. रोलर थांबले. त्यांनी डोळे उघडून बघितलं. मागे सरकल्या, रोलर फिरू लागले. पुन्हा वाकल्या, पुन्हा थांबले. मग त्या पुन्हापुन्हा तेच करत राहिल्या. ट्रेमध्ये चारा नव्हता, गोठ्यात म्हशी ओरडत होत्या, सासू दारात येऊन बघत होती. वाकायचं आणि थांबतंय का बघायचं. वाकायचं आणि बघायचं. रडत होत्या की हसत होत्या ते मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते. "बास आता" असं कुणीच म्हणालं नाही.

मिस्त्री मशीनच्या बाजूला उकिडवे बसले होते. त्यांनी पाना घेतला आणि मघाशीच घट्ट केलेला नट ते पुन्हा घट्ट करत राहिले.